टिकीचं तोंड कुठल्या दिशेला

तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर 'टिकी' हा शब्द लिहिला आणि माझे पाय घोट्यापर्यंत फणसाच्या लाकडाचे झाले. मुलं खूश झाली.

सुतारांची मृण्मयी मेस्त्री पुढे आली. तिने बोटाने ठोकून पाहिलं. "जुना फणस आहे गुरुजी. वाळवी लागायची नाही."

"छान. आता ऐका." लाकूड गुडघ्यांपर्यंत आलं होतं, आणि शब्द अर्धा शिकवून सोडणं मला जमत नाही. "पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर माणसाच्या आकाराच्या कोरीव मूर्तीला टिकी म्हणतात. माओरी लोकांच्या काही कथांत पहिल्या माणसाचं नावही टिकीच."

"म्हणजे तुम्ही पहिले?" अद्वैत धुरीने विचारलं.

"मी फार तर तिसरीचा." हसताना पोट कडक झालेलं कळलं.

"आणि ती मूर्ती करतात कशाला?"

"पुष्कळ बेटांवर ती पवित्र जागेच्या हद्दीवर उभी करतात. इथून पुढे नीट वागायचं, हे येणाऱ्याला कळतं."

धडा संपला आणि ओठ लाकडाचे झाले. एकच सांगायचं राहिलं: माझं तोंड तुमच्याकडे ठेवा.

लाकूड होता होता मी हलका झालो होतो. चौघांनी मला उचललं. व्हरांडा इतका लांबला होता की चालता चालता त्यांचे पुढचे दात पडून नवे आले.

"देवळापाशी ठेवूया?"

"देवाला कशाला राखण? त्याला कुलूप आहे."

"मग आपल्या डबा खायच्या जागेपाशी!"

हे सगळ्यांना एकदम पटलं. जांभळाच्या सावलीच्या कडेला त्यांनी मला उभं केलं, तोंड रस्त्याकडे करून.

"गुरुजींना आपण दिसणार नाही ना रे," मृण्मयी म्हणाली.

"राखणदार बाहेरच बघतो," अद्वैत म्हणाला. "आत फिरवले तर राखण कोण करणार, तुझा काका?"

माझ्या पाठीमागे डबे उघडले. कोण कोणाला आंबोळी देतंय, हे मला आवाजावरून ओळखावं लागत होतं. कोणीतरी खूप हसलं. कोण, ते कळलं नाही.

मृण्मयी धावत घरी गेली आणि वडिलांची पटाशी घेऊन आली.

"हलू नका हं गुरुजी," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला तिने खडूने दोन गोल काढले.

ठोके सुरू झाले. पिवळे ढलपे उडू लागले. डावा डोळा अर्धा उघडला, आणि मला सर्वांत आधी दिसली ती पटाशीची धार, अगदी जवळ.