गच्चीवर माती करणारा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. हैदराबादमध्ये, कुकटपल्लीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर मी राहतो. माझा रंग उडाला आहे, अंगावर भोके आहेत. तरीही माझ्याइतका कामाचा ड्रम या गल्लीत दुसरा नाही, हे मी ताठ मानेने सांगतो.

तरुणपणी पोटात कैरीचे लोणचे घेऊन मी इथल्याच बेगम बाजारात आलो. लोणचे संपल्यावर धम्मानंद नावाच्या गृहस्थांनी मला धुऊन घरी नेले. तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी येई. "ड्रम आहे म्हणून चाललंय," असे त्यांची बायको स्वप्ना म्हणे, आणि मी मनात फुगत असे. पुढे इमारतीला मोठी टाकी आली. माझ्या तळालाही तडा गेला. मला गच्चीच्या कोपऱ्यात पालथे घातले आणि सगळे विसरले. कबुतरे तेवढी येऊन बसत.

मग जिंतूरजवळच्या गावाहून धम्मानंदांची आई आली. मालनबाई त्यांचे नाव. सारे आयुष्य शेतात गेलेले. नवरा वारला म्हणून मुलाने त्यांना इकडे आणले, पण फ्लॅटमध्ये त्या दिवसभर पडून राहत. जेवण कमी झाले, गुडघे आखडले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, तर म्हणाल्या, "कुठं चालू? सगळीकडं फरशी न् डांबर." गच्चीवर कपडे वाळत घालताना स्वप्ना हे बहिणीला फोनवर सांगे.

एका सकाळी स्वप्नाने मला सरळ उभे केले आणि तापल्या सळईने माझ्या अंगाला भोके पाडली. मग सासूबाईंचा हात धरून त्यांना वर आणले.

"आई, भाजीची देठं, सालं यात टाकायची. त्याचं खत होतं. मला नोकरीतून वेळ होत नाही, तुम्ही बघाल?"

मालनबाईंनी माझ्या काठावर हात ठेवला. "उकिरडा व्हय? बघीन की," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

सुरुवात मात्र बिघडली. ओला कचरा फार झाला आणि मी सडका वास मारू लागलो. इमारतीचे सेक्रेटरी सुरेश गारू, म्हणजे तेलुगूतले सुरेशराव, नाकाला रुमाल लावून वर आले.

"अम्मा, बहुत बास आ रही. ये ड्रम नक्को. इतवार को भंगार में दे देना."

स्वप्नाचा चेहरा उतरला. ड्रम गेला तर सासूबाई पुन्हा अंथरूण धरतील, हे तिला दिसत होते. मालनबाई मात्र शांत होत्या. "इतवार को आव, भाऊ. बास रही तो मैंच नीचे लेके जाती."

दुसऱ्या दिवसापासून त्या कठडा धरून जिना उतरू लागल्या. रस्त्याकडेच्या झाडांखालचा पालापाचोळा पिशवीत भरायचा, मजल्यामजल्यावर दम खात वर यायचे, माझ्यात पाला पसरायचा आणि काठीने ढवळायचे. माझ्या पोटात ऊब धरू लागली. वास हळूहळू ओसरला.

रविवारी सुरेश गारू आले. मालनबाईंनी झाकण काढले. ते वाकले, जरा थांबले, पुन्हा वाकले.

"ये तो खेत की बास है," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची दोडक्याची सालेही माझ्याकडे आली.

आज माझ्या मातीवर गच्चीत झेंडू फुलतो. तो सकाळी घरच्या बुद्धमूर्तीपुढे जातो. शेजारच्या टबात एक पालेभाजी तरारली आहे. मालनबाई तिला अंबाडी म्हणतात, सुरेश गारूंची बायको पुंटीकूरा म्हणते. खुडताना दोघी गप्पा मारतात. मालनबाईंचे गुडघे अजून कुरकुरतात, पण आता त्यांना वर आणायला कोणी लागत नाही. उलट स्वप्नालाच त्यांना जेवायला खाली बोलवावे लागते.

मित्रांनो, घरातली साले फेकण्याआधी क्षणभर थांबा. एखादे फुटके भांडे शोधा, त्यात थोडा वाळला पाला घाला, आणि ते काम घरातल्या गप्प झालेल्या माणसाच्या हाती सोपवा. माती तर होईलच. ते माणूसही तुमच्याशी बोलू लागेल.