एकवीस दिवसांचा गणपती

पार्ल्यात माणिकताईंच्या बंगलीमागे एक कौलारू पडवी होती. गिरणीतून काढून टाकलेला धोंडू आणि त्याची बायको सुगंधा तीन वर्षं तिथे राहत होती. त्याआधी दोघं स्टेशनाबाहेर उघड्यावर झोपत. ताई भाडं घेत नसत. सुगंधा अंगण झाडी, विहिरीचं पाणी भरी आणि देवाला हात जोडताना आधी ताईंचं नाव घेई.

कोकणातलं घर भाऊबंदांनी कधीच गिळलं होतं. म्हणून त्या वर्षी सुगंधाने मोठ्या हौसेने पडवीतच गणपती बसवला आणि बिचारीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ताईंचा मुलगा नंदकिशोर दर्शनाला आला, मोदक खाल्ला आणि तिच्यादेखतच आईला म्हणाला, "आई, गणपती बसवला म्हणजे यांचं घरच झालं की! उद्या कोर्टात शेजारी हेच सांगतील. एकदा भाडेकरू ठरले की कायद्याने काढता येत नाही. विसर्जन झालं की जाऊ देत."

गरिबाला कुणी रस्त्यावर काढू नये म्हणून केलेला कायदा हा! ताईंनी मुलाची परोपरीने विनवणी केली, पण बंगली त्याच्या नावावर होती.

बसलेला गणपती मात्र कुणी हलवत नाही. सुगंधा चटकन म्हणाली, "ताईनू, माझो एकवीस दिसांचो नवस आसा."

"खंयचो नवस?" मायलेक गेल्यावर धोंडू कुजबुजला. "दीड दिसाचो म्हणी होतंस ना?"

"देवाक म्हायत आसा," ती म्हणाली आणि रडू लागली.

एकवीस दिवस तिने मूर्तीकडे एकच मागितलं, डोक्यावरचं छप्पर. धोंडू पार गोरेगावापर्यंत हिंडला. रिकाम्या खोल्या होत्या, पण त्याच कायद्याच्या धास्तीने कुणी कुलूप काढेना.

जुहूला विसर्जन करून दोघं परतली. रिवाजाप्रमाणे पाटावर तिथली मूठभर वाळू आणली होती. ती घरात ठेवली की घर भरलेलं राहतं.

पडवीवर कौलं नव्हती. भांडी आणि बोचकी अंगणात काढून ठेवली होती.

"रिकामी खोली दिसली की सरकार ताब्यात घेतं आणि बेघरांना देतं," नंदकिशोर खाली बघत म्हणाला. "म्हणून उतरवली."

माणिकताई पदरात तोंड खुपसून रडत होत्या. सुगंधा पाट तसाच धरून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"ताईनू," तिने विचारलं, "ही वाळू आता खंय ठेवू?"