गद्रेकाकांचा अंदाज

"काका, तुम्ही फक्त 'घ्या' म्हणा. मुदत ठेव मी कालच मोडून आलेय," जयंतीबाई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

श्यामसुंदर गद्र्यांनी खडू उचलून परत ठेवला. ते फळ्यापाशी उभे होते आणि अख्खा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

विलेपार्ल्यातल्या या सोसायटीत दर शनिवारी सकाळी गुंतवणूक अभ्यास मंडळ भरतं. नाव भारदस्त, मंडळी निवृत्त, आणि शिस्त अशी की चहासुद्धा भाषण संपल्यावरच. गद्रे या मंडळाचं दैवत. सगळी नोकरी बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासण्यात गेलेली. पार्ल्यात माणसाला हुशार ठरवायला वेळ लागतो, पण एकदा ठरवलं की त्याच्या शिंकेचाही अर्थ लावतात. गद्र्यांना हे मनातून फार आवडायचं. कबूल करायचे नाहीत, पण शनिवारचा शर्ट शुक्रवारी स्वतः इस्त्री करून ठेवायचे.

आजचा विषय होता मोबाईल कंपन्यांना बॅटऱ्या पुरवणारी एक कंपनी. गद्र्यांकडे तिचे शेअर होते. बाकीच्यांना त्यांनी थोपवून धरलं होतं, "माझा अभ्यास पुरा होऊ दे, मग सांगतो." आज ते सांगणार होते, आणि काय सांगणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. काल संध्याकाळपर्यंत त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांची मुलगी गंधाली अंधेरीला एका मोबाईल कंपनीच्या खरेदी विभागात होती. ही बॅटरीवाली कंपनी त्यांनाच सगळ्यात जास्त माल द्यायची. ऑफिसचा विषय घरात काढायचा नाही, हा गंधालीचा नियम. काल बाबा देवळात गेलाय असं समजून ती गॅलरीत फोनवर बोलत होती. गद्रे छत्री विसरले म्हणून परत आले होते.

"बॅटऱ्या फुगतायत, सर. टेस्टिंगमध्ये दोन फोन पेटले. हो, सोमवारी ऑर्डर बंद करतोय म्हणून जाहीर करू. तोवर माझ्या तोंडून चकार शब्द जाणार नाही."

गद्रे आल्या पावली परत फिरले, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला थारा नव्हता. 'घ्या' म्हटलं तर जयंतीबाईंची आयुष्याची पुंजी पाण्यात जाणार. शाळेत शिकवून जमवलेली, मागे कुणी बघणारं नाही. 'घेऊ नका' म्हटलं तर सोमवारी बातमी आल्यावर सोसायटीत जो तो म्हणणार, मुलीनं बापाला आधीच सांगितलं होतं. गंधालीची नोकरी जाईल, वर चौकशी लागेल. आजारी पडून घरी राहावं, तर मंडळातला त्यांचा मित्र देवव्रत भाषण करायला टपलेलाच होता, आणि तो 'घ्या' म्हणूनच मोकळा झाला असता.

"श्याम, सुरू कर ना रे," मागून देवव्रत ओरडला. "का गंधालीनं काही वेगळंच सांगितलंय?"

सगळे हसले. गद्र्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

त्यांनी सुरुवात केली. जिभेला सवय होती, पहिली चार वाक्यं झकास गेली. जयंतीबाईंनी वहीत 'उत्तम' असं लिहिलेलं त्यांना वरून दिसलं. तिथे ते थांबले, आणि मग म्हणाले, "या बॅटरीत दर सहा महिन्यांनी पाणी घालावं लागतं. लोक विसरतात."

दोघंतिघं हसले. काकांनी विनोद केला असं त्यांना वाटलं.

"मोबाईलच्या बॅटरीत पाणी?" देवव्रतनं विचारलं.

"मग? घालावंच लागतं." गद्र्यांनी फळ्यावर विक्रीचा आकडा नफा म्हणून लिहिला, पुसला, पुन्हा तोच लिहिला. हात खरोखरच थरथरत होता, त्यासाठी काही करावं लागलं नाही. तरीही जयंतीबाईंची वही उघडीच होती. काका थकले असतील, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

गद्र्यांनी त्यांच्याकडे बघितलं. जे करायचं होतं त्याची त्यांना आधीच शरम वाटली.

"जयंतीबाई, आज मिस्टर नाही आले?"

जयंतीबाईंच्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिरडीला पहिला खांदा गद्र्यांनीच दिला होता.

"नाही, काका," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली. "माझं राहू दे. मला काही घाई नाहीये."

देवव्रत पुढे आला. "बस झालं, श्याम. चल, घरी जाऊ." मग मागे वळून म्हणाला, "याच्याच अभ्यासावर चाललो होतो आपण. सगळं परत तपासायला हवं. तोवर कुणीही घेऊ नका."

जिन्यावरून उतरताना त्यानं गद्र्यांचा दंड धरला. एरवी गद्र्यांनी तो झटकला असता.

सोमवारी सकाळी बाजार उघडला. आपले शेअर विकायला गद्र्यांना एक फोन पुरला असता. तो त्यांनी केला नाही; ते पैसे अंगी लागले नसते. दुपारी बातमी आली आणि शेअर धाडकन कोसळला. संध्याकाळी देवव्रतचा फोन आला.

"वाचलो रे आपण! तुझी तब्येत बिघडली ते बरंच झालं म्हणायचं. आणि हे बघ, शनिवारी ये हां. बोलायची दगदग नको, नुसतं येऊन बसत जा."

त्याच आठवड्यात गंधाली रजा काढून बाबाला घाटकोपरच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मंडळातली हकिकत तिला तीन जणांनी तीन तऱ्हेनं सांगितली होती. तिचे डोळे सुजले होते.

"काका, शंभरातून सात वजा करत जायचं," डॉक्टर लहान मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या.

"त्र्याण्णव," गद्रे म्हणाले. "शहाऐंशी. एकोणऐंशी."

आकडेमोडीत त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. गंधालीचा चेहरा उजळला. आणि लगेच तिच्या कपाळावर आठी आली.

"बाबा, हे तुला सगळं येतंय. मग त्या दिवशी काय झालं होतं?"

गद्र्यांनी लेकीकडे पाहिलं. शाळेत बाईंनी चुकून जास्त दिलेला एक मार्क परत करून आलेली पोर ही. आपलं फोनवरचं बोलणं बाबानं ऐकलं हे हिला कळलं, तर उद्या सकाळी स्वतःच साहेबांपुढे जाऊन उभी राहील.

"पुढे, काका?" डॉक्टरांनी विचारलं. "एकोणऐंशीतून सात?"

बहात्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"पुढचं..." गद्रे म्हणाले, "पुढचं नाही बुवा आठवत."

गंधालीनं त्यांचा हात घट्ट धरला.