न फिरणारे पाचवे चाक

मी एक जुने चाक आहे. निदान लोक मला चाक म्हणतात. मित्रांनो, खरे सांगायचे तर मला स्वतःलाच त्याची खात्री नाही. मी गोल नाही. मला टायर नाही, हवा नाही, आरे नाहीत. मी आजवर रस्त्यावर वीतभरही घरंगळलेले नाही. मी आहे एक जाडजूड लोखंडी पाट. माझ्या एका बाजूला खोल खाच आहे आणि त्या खाचेच्या टोकाशी पोलादी जबडा आहे. तरीही माझे नाव फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवे चाक. नाव ठेवणाऱ्याचे काही चुकले, की चाकासारखे वागायला मीच कमी पडले, हा प्रश्न मला जन्मापासून पडलेला आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी मस्कतला आले. तेल कंपनीतल्या एका इंजिनिअरने मला आपल्या पिकअपच्या हौद्यात, बरोबर मागच्या आसाच्या वर, बोल्टांनी पक्के बसवले. मग त्याने पिकअप हळूहळू मागे घेतली. मागे एक लांबलचक घर उभे होते. हो, घरच! त्यात बिछाने होते, चूल होती, न्हाणीघर होते. त्या घराच्या उंच नाकाखालून बोटासारखा एक जाड खिळा लोंबत होता. तो माझ्या खाचेत शिरला आणि माझा जबडा मिटला. खट्ट! घराचा पुढचा सगळा भार माझ्यावर आला. घराला चार चाके होती. ती धावू लागली. मी मात्र जागच्या जागीच होते. मग पाचवे चाक ते हेच का, असे मी मनात म्हटले, पण विचारणार कुणाला?

त्या घराचे नाव होते टॉय हॉलर, म्हणजे खेळणी वाहून नेणारे. मी आतुरतेने बाहुल्यांची आणि चेंडूंची वाट पाहिली. आल्या त्या धडधडणाऱ्या, वाळूत उड्या मारणाऱ्या मोटारसायकली. घराची मागची भिंत खाली पडायची, तिचा उतार व्हायचा आणि त्यावरून त्या आत चढायच्या. मोठ्या माणसांची खेळणी अशी असतात, हे मला तेव्हा कळले. नीट कळले असे मात्र अजूनही म्हणवत नाही.

ती वर्षे सुखाची होती. दर सहलीआधी इंजिनिअर मला ग्रीस लावायचा, पाठीवर थाप मारायचा. मग आम्ही ओमानच्या शर्किया भागातल्या वाळूच्या टेकड्यांकडे निघायचो. पुढे त्याचा मुलूख त्याला परत बोलावू लागला आणि त्याने सगळे विकून टाकले. पिकअपच्या नव्या मालकाला हौद्यात बकऱ्या न्यायच्या होत्या. त्याने माझे बोल्ट काढले आणि मस्कतच्याच गाला भागातल्या, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका वखारीत मला टाकून दिले.

वखार होती स्टॅन्लीची. स्टॅन्ली वसईचा, मनाने मोठा आणि जिभेने त्याहून मोठा. त्याने मला दोन विटांवर ठेवले, वर पुठ्ठा अंथरला आणि माझे चहाचे टेबल केले. काही महिन्यांनी लिलावातून ते चालते घरही त्याच वखारीत आले आणि समोरच्या कुंपणाशी उभे राहिले. ते माझे आणि मी त्याचे, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. पुढची काही वर्षे माझ्या पाठीवरच्या पुठ्ठ्यावर चहाच्या पेल्यांची वर्तुळे उमटत गेली. चाक आहे की टेबल, असा नवा गोंधळ माझ्या मनात सुरू झाला.

मित्रांनो, आता त्या दुपारची गोष्ट ऐका.

शहरातल्या दार्सैत वस्तीतून एक कुटुंब आले. अलीमियाँ मूळचे दाभोळचे, मस्कतमध्ये एसीच्या कामाची कंत्राटे घेणारे. सोबत त्यांची बायको शहनाज आणि चाकांच्या खुर्चीत त्यांची आई, रहिमा. खुबा मोडल्यापासून रहिमाबींना खुर्चीशिवाय हलता येत नव्हते. फार वेळ बसवत नव्हते, घडीघडी आडवे व्हावे लागे. घरचे सुट्टीला बाहेर पडले की शहनाज त्यांच्यासाठी मागे राही. हे रहिमाबींच्या मनाला फार लागले होते. त्यांनी हट्ट करून गावी परतायचे तिकीट काढायला लावले होते. तिथे बंद घर होते आणि शेजारी एक भाची होती. त्यांनी जाऊ नये म्हणून अलीमियाँ हे चालते घर बघायला आले होते.

"खेळणी वाहायची गाडी?" शहनाज म्हणाली. "आपल्या घरात खेळायच्या वयाचं कोण उरलंय हो?"

"मागची भिंत बघ आधी," अलीमियाँ म्हणाले. स्टॅन्लीने खटके काढले आणि भिंत जमिनीला टेकली. "हा उतार झाला. अम्माची खुर्ची सरळ आत. उचलाउचली नाही. आत बिछाना आहे, संडास आहे. अजून काय पाहिजे?"

"मना गोणीसारखी उचलायची नाय?" रहिमाबींनी विचारले.

"नाही अम्मा."

"मग या गाडीतला खेळणा मीच," असे म्हणून त्या हसल्या. सगळेच हसले. मला वाटले, आता सौदा जमणार.

पण अलीमियाँ खाली वाकून चाके मोजू लागले. "स्टॅन्ली, तुझ्या जाहिरातीत फिफ्थ व्हील लिहिलं होतंस. इथे तर चारच आहेत."

"अरे मेन, अलीभाई, पाचवं चाक म्हणजे स्टेपनी!" स्टॅन्ली छातीवर हात मारून म्हणाला. "ती कुठेतरी हरवली. नवी देतो तुम्हाला, त्यात काय?"

"स्टेपनी म्हंजे काय गो?" रहिमाबींनी सुनेला विचारले.

"जादा चाक, अम्मा. डिकीत पडून असतं. एखादं पंक्चर झालं तरच बाहेर काढतात."

"म्हंजे माझ्यासारखा," रहिमाबी हळूच म्हणाल्या.

"अम्मा, असं काही बोललात ना, तर मी तुमच्याशी बोलणारच नाही," शहनाज म्हणाली आणि उगाच ओढणी सारखी करू लागली. मला तर ते शब्द फारच लागले. जादा! हाच का माझ्या नावाचा अर्थ? मी पुठ्ठ्याखाली अगदी गप्प झाले. तसे मी बोलत कधीच नव्हते म्हणा.

मग खरी अडचण निघाली. अलीमियाँच्या मोठ्या पिकअपला मागे खाली आकडा होता आणि घराचे नाक तर छातीच्याही वर. दोघांची गाठ पडेना.

"यल्ला, काही टेन्शन नाही," स्टॅन्ली म्हणाला. "मध्ये एक लोखंडी दांडा टाकतो, दोन वेल्डिंग मारतो, खलास!"

"आणि रस्त्यात तुटला तर? आत माझी माणसं असतील," शहनाज म्हणाली.

"इन्शाल्ला तुटणार नाही, भाभी."

"गाडी चालताना आत कुणी बसायचं नसतं, एवढं मलाही माहीत आहे," अलीमियाँ म्हणाले. "पण मागून येणाऱ्यांचं काय?"

तरी गरज होती आणि सोय समोर दिसत होती. अलीमियाँ मान खाजवत राहिले आणि शेवटी "बरं, बघू" म्हणाले. स्टॅन्लीने वेल्डिंगचे यंत्र ओढत आणले. मला घाम फुटायचा असता तर फुटला असता. तो दांडा घराचा भार पेलणार नाही, हे मला ठाऊक होते. तो भार मी वर्षानुवर्षे पाठीवर घेतला होता. पण मी पडले चहाचे टेबल. आणि कोण जाणे, माझेच चुकत असेल, असेही वाटले.

ठिणग्या उडतील म्हणून शहनाजने सासूची खुर्ची माझ्याशेजारी आणली आणि चहाचा पेला त्यांच्यासमोर ठेवला. पेला उचलताना रहिमाबींच्या ओढणीचे टोक पुठ्ठ्याखाली गेले. बाहेर आले ते काळे होऊन.

"या अल्ला, ही नवी ओढणी!" त्या करवादल्या. त्यांनी पुठ्ठा बाजूला सारला आणि माझ्याकडे पाहिले. माझी खाच पाहिली, खाचेतले जुने, चिकट ग्रीस पाहिले. मग त्यांनी मान वर केली. उभी माणसे घराच्या नाकाला समोरून पाहत होती. रहिमाबी खुर्चीत होत्या, म्हणून त्यांना नाकाची खालची बाजू दिसली. तिथे तो खिळा लोंबत होता आणि त्याला तेच काळे ग्रीस होते.

"अली! बंद कर ता वेल्डिंग!"

"काय झालं अम्मा?"

"हा टेबल नाय. आपल्या जात्याचा खालचा दगड आठवतो? त्याच्या मधला खिळा वरच्या दगडात कसा बसायचा? हितं उलटा हाय. खिळा वरती, भोक खालती. त्या घराचा बोट याच्या तोंडात बसतो का बघा."

स्टॅन्ली यंत्र सोडून आला. त्याने मला कपड्याने पुसले. माझ्या कडेला कोरलेले 'फिफ्थ व्हील' हे नाव वाचले, पुन्हा वाचले आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! ह्याच्यावर मी रोज चहा पितो, मेन!"

ती संध्याकाळ मला पिकअपच्या हौद्यात बसवण्यात गेली. भोके पाडली, बोल्ट आवळले, ताजे ग्रीस लावले. अलीमियाँ गाडी मागे घेऊ लागले. शहनाज हाताने दिशा दाखवत होती. रहिमाबी ओरडत होत्या, "जरा डावीकडं रे! डावा तो तुझा की माझा?" माझा जबडा गंजला असेल, मिटणारच नाही, या भीतीने मी कासावीस झाले होते.

खट्ट!

घराचा पुढचा भार पुन्हा माझ्यावर आला. किती वर्षांनी!

रहिमाबींनी खुर्ची पुढे घेऊन मला नीट न्याहाळले. "म्हंजे हा जादाचा नाय," त्या म्हणाल्या. "सगला याच्यावरच टेकलाय." शहनाज त्यांच्या ओढणीचे काळे टोक पुसत बसली. डाग काही निघाला नाही.

"अली, माझ्या तिकिटाचा काय झाला?"

"शुक्रवारचं आहे, अम्मा."

"आणि वाळवंटात कधी जायचा म्हणतोस?"

"सुट्टी शुक्रवारचीच आहे."

"मग कसा जमायचा?" रहिमाबी म्हणाल्या. "ता तिकीट परत कर."

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा वाळूच्या वाटेवर आहे. निघण्याआधी रहिमाबी खुर्ची माझ्याजवळ आणायला लावतात आणि मुलाला विचारतात, "ग्रीस लावलास?" त्याने लावले म्हटले तरी त्या बोट फिरवून बघतात आणि बोट त्याच ओढणीला पुसतात. मी चाक आहे की नाही, हे मला अजून कळलेले नाही. आता कदाचित कळणारही नाही. पण एवढे तुम्हाला विनवते. तुमच्या घरी कोपऱ्यात पडलेले काही असेल किंवा बसलेले कुणी असेल, तर त्याला जादा म्हणण्याआधी एकदा खाली वाका आणि त्याच्यावर काय काय टेकले आहे ते पाहा. आणि मधूनमधून थोडे ग्रीस लावत जा.