शेवटचा कपॅसिटर

खालच्या मजल्यावर सगळे मास्तरांना भीत आणि वरच्या मजल्यावर मास्तर आपल्या बायकोला भीत, असा त्या घराचा सरळ कारभार होता. वर बिऱ्हाड, खाली कारखाना. कारखाना म्हणजे दोन लांब टेबलं, भिंतीभर खोकी, एक आरामखुर्ची आणि तिच्याकडे तोंड करून ठेवलेली स्पीकरची जोडी. घरी बसून गाणं ऐकणाऱ्या हौशी लोकांसाठी मास्तर तीस वर्षं हाताने ॲम्प्लिफायर बनवत होते. वर्षाला सात-आठ, त्याहून एकही जास्त नाही. लोक त्यांना कानवाले मास्तर म्हणत आणि तसं म्हटलेलं त्यांना मनापासून आवडे.

त्यांची सून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्याची चांगली नोकरी सोडून ती आपणहून या कारखान्यात आली होती, कारण मास्तरांच्या हातचा आवाज तिने लग्नाआधी ऐकला होता. नवऱ्याच्या आधी आपण सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरला होकार दिला, असं ती खुशाल सांगायची, आणि नवराही ते हसून ऐकून घ्यायचा.

मास्तरांची मतं ठाम होती. ट्रान्सफॉर्मर जड हवा, उचलताना कंबरेने तक्रार केली पाहिजे. हलका असला की ढोलावर थाप पडताच ॲम्प्लिफायर धापा टाकायला लागतो. बाहेर पडणारा आवाज थोडासा उलटा फिरवून आत आणायचा, म्हणजे यंत्राला आपली चूक कळते आणि ते ती सुधारतं. हेही मापात हवं. फार केलं तर गाणं इस्त्री केल्यासारखं सपाट होतं, कमी केलं तर ढिलं पडतं. यंत्राला त्याची चूक दाखवायची एवढी छान सोय करणाऱ्या माणसाला स्वतःची चूक दाखवायची मात्र कुणाची टाप नव्हती.

सगळं जोडून झालं की एक नखाएवढा कपॅसिटर उरायचा. तो मोठा लावला की वरचे सूर मऊ होतात, लहान लावला की टोकदार. दुसरा कुणी गणित करून मोकळा झाला असता. मास्तर तो कानाने निवडत. डोळे मिटून खुर्चीत बसत, सून एकेक कपॅसिटर चिमट्याने अडकवी, आणि ते नुसतं "पुढचा" म्हणत. एखाद्यावर त्यांचा चेहरा खुले. मग त्याचा आकडा सहीनिशी चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटवली जाई.

घोळ तिथेच होता. दुरुस्तीला आलेले जुने-नवे सेट उघडताना सुनेला त्या चिठ्ठ्या एकीपुढे एक दिसल्या. दहा-बारा वर्षांत मास्तरांचा कपॅसिटर लहान लहान होत गेला होता. आवाज त्याच मानाने टोकदार होत चालला होता. एका दातांच्या डॉक्टरांनी तक्रार केली, तर मास्तरांनी त्यांच्या दवाखान्यातल्या ड्रिलवर खापर फोडलं. दुसऱ्या एकाला तुमच्या भिंतीच उघड्या आहेत म्हणाले. मुलांचा गायनवृंद चालवणाऱ्या गाण्याच्या बाईंना त्यांनी खोलीत गालिचा घालायला लावला. बाईंनी घातला. पडदेही लावले. आणि नंतर ॲम्प्लिफायर गाडीत घालून परत आणला.

"मास्तर, माझी मुलं 'स' म्हणतात तेव्हा कुणीतरी फोडणी दिल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या. आठ दिवसांत जमलं नाही तर आपण कंपनीचा तयार सेट घेऊ, असंही त्यांनी शांतपणे सांगून टाकलं.



सुनेने नवऱ्याला गाठलं. त्याने कानावर हात ठेवले. बापाला असलं काही सांगण्यापेक्षा आपण तो जड ट्रान्सफॉर्मर डोक्यावर घेऊन गावाला वळसा घालू, म्हणाला. सासूबाईंना तर सगळं कधीचंच माहीत होतं. कपडे धुण्याचं यंत्र काम संपल्यावर शिट्टी वाजवतं हे या माणसाला चार वर्षं ठाऊक नाही, त्या म्हणाल्या. पण कान हीच त्याची सगळी ऐट आहे, ती काढून घेतली तर खाली उतरणार कशाला तो? सुनेलाही हीच भीती होती. चिडले असते तर तिने सोसलं असतं. ते खुर्चीत बसायचेच बंद झाले असते तर तिला सोसलं नसतं.

म्हणून तिने न करायचं ते केलं. मास्तरांनी बाईंच्या सेटसाठी पुन्हा डोळे मिटून कपॅसिटर निवडला, पुन्हा आधीचाच, आणि समाधानाने चहाला वर गेले. तिने त्या जागी तीन घरं मोठा कपॅसिटर सोल्डर केला, आणि चिठ्ठी तशीच ठेवून झाकण लावलं.

बाई घरी ऐकून दुसऱ्याच दिवशी सेटसकट हजर झाल्या. चेहरा फुललेला. सोबत आपल्या मुलांच्या गाण्याची रेकॉर्ड. "हा तुमचा जुना हात, मास्तर. तुम्हीही ऐका," त्या म्हणाल्या. सासूबाईही खाली आल्या. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढून खुर्चीत बसले, आणि गाणं सुरू झालं. अर्ध्या मिनिटात त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आवाज बोथट आहे. हा मी केलेला नाही," ते म्हणाले.

मास्तरांनी वायर काढली, झाकण उघडलं, भिंग लावून आकडा वाचला. मग चिठ्ठीवरचा वाचला. सुनेने कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं.

"बाबा, मी बदलला. तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत. तुम्ही ते शोधत शोधत आवाज टोकदार करत जाता. फसवलं मी तुम्हाला, ते चुकलंच. पण तोंड उघडायची हिंमत होत नव्हती."

बाई आपल्या पर्सचा बंद कुरवाळत राहिल्या. मास्तर उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं, जिन्याकडे निघाले. पण ते गेले कपाटाकडे, आणि सूर काढायचं मोजणीचं यंत्र टेबलावर आणून ठेवलं. तो शेवटचा कपॅसिटर सोडला तर ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं, ही त्यांची शिस्त होती आणि ती त्यांनी स्वतःलाही लावली.

"आवाज येईल तोवर हात वर," ते म्हणाले. "सगळ्यांनी. सूनबाई, चकती सावकाश फिरव."

बारीक सूर निघाला. चौघांचे हात वर. ती चकती फिरवत गेली, सूर चढत गेला. सात हजार हर्ट्झवर मास्तरांचा हात खाली आला. डोळे मिटलेलेच. पुढे सासूबाईंचा हात खाली आला, त्यानंतर बऱ्याच वेळाने बाईंचा. सुनेचा एक हात चकती फिरवत होता, दुसरा अजून वरच होता. मास्तरांनी डोळे उघडले आणि तो एकटा हात पाहिला. बराच वेळ पाहिला. त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हणजे एवढं सगळं वर चालू असतं," ते म्हणाले. "आणि मी लोकांना गालिचे घालायला लावतोय."

बाईंना हसू फुटलं. सासूबाईंनाही. मग मास्तर स्वतःच पोट धरून हसले, आणि सुनेला हसता हसता रडू आलं.

गाणं पुन्हा लावायला सांगून मास्तरांनी या वेळी सुनेला शेजारी बसवलं. वर काय काय आहे ते सांग, म्हणाले. ती सांगत गेली: ओळ सुरू व्हायच्या आधी पोरं एकदम श्वास घेतात तो, डाव्या बाजूच्या एकीचा 'स' जरा आधीच येतो तो, आणि शेवटी सळीने वाजवायचा एक छोटा लोखंडी त्रिकोण किणकिणतो आणि बराच वेळ विरत राहतो. मास्तर तिच्या तोंडाकडे पाहत ऐकत होते. "विरला?" त्यांनी विचारलं. "अजून नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता विरला." त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी फोन ओढला आणि गेल्या दहा वर्षांतल्या गिऱ्हाइकांना एकेक करून लावायला सुरुवात केली. पहिलाच माणूस आपल्या सेटवर खूश होता, त्याला काही समजेना. मास्तर पुन्हा पुन्हा समजावत होते.

"नाही हो, तुमच्या भिंती ठीक आहेत. चूक माझी आहे, सेट घेऊन या. माझे कान जुने झाले. नवे आलेत ना घरात. नाही, यंत्र नाही, आमची सून."