कुणालाही ओलांडता येईल असा दोर

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, दोर म्हटलं की तुम्हाला विहीर आठवेल, झोका आठवेल, नाहीतर ओले कपडे आठवतील. त्यातली ओल्या कपड्यांची वर्षं माझ्याही वाट्याला आली. झोका मात्र राहून गेला, त्याची थोडी रुखरुख आहे. पण माझ्या आयुष्याचं मोठं काम निराळंच होतं. एका तळ्याच्या काठावर मी नुसता आडवा राहायचो आणि मला पाहून माणसं थांबायची. हे कसं झालं, ते सांगतो.

माझा जन्म एका दोरवाल्याच्या अंगणात झाला. तो आणि त्याची बायको घायपाताची पानं कुजवायचे, आपटायचे, धुवायचे आणि त्यांचा पांढरा वाख, म्हणजे धागा, काढायचे. बायको वाख पुरवायची. तो उलट्या पावलांनी मागे मागे जात त्याला पीळ द्यायचा. "आमचे हे जन्मभर मागे चालले, म्हणून संसार पुढे गेला," असं ती हसून म्हणायची. तीन पदर एकमेकांत वळले आणि मी तयार झालो. दोरवाल्याने मला गुडघ्यावर ताणून पाहिलं आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

मला एका नावाड्याने विकत घेतलं. तळ्याला एका ठिकाणी अरुंद मान होती. तिथे या काठापासून त्या काठापर्यंत त्याने मला ताणून बांधलं. त्याची नाव वल्ह्याने चालत नसे. दोर धरून तो ती हाताने ओढत न्यायचा. घाई असलेले लोकही हात लावायचे. त्यामुळे गवत कापणाऱ्या बायका, मासे धरणारे, नवरदेव, आजारी माणसं, अशा कितीतरी जणांचे तळवे मला ओळखीचे झाले. नावाडी अंगाने दांडगा आणि तोंडाने मुका. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याची बायको उरकायची. तिला सगळे मावशी म्हणत. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांचीच झाली होती.

त्यांच्या खोपटाच्या पुढे, काठावरच, एक मोठा सपाट खडक होता. त्यावर वाट्यांसारखे गुळगुळीत खळगे होते. फार पूर्वी, कुणाच्याही पणजोबांच्या पणजोबांच्या आधी, इथे राहणाऱ्या माणसांनी त्यांत धान्य कुटलं होतं म्हणे. त्यांची नावं राहिली नाहीत. त्यांच्या हातांनी पडलेले खळगे तेवढे राहिले. लोक त्याला वाट्यांचा खडक म्हणत. संध्याकाळी नाव बांधून झाली की नावाडी आणि मावशी तिथे बसत. ती दिवसभराच्या बातम्या सांगे आणि तो "हं" म्हणे.

तिथून पुढच्या वाळूवर उन्हाळ्यात सुरय पक्षी उतरायचे. काळी टोपी घातलेले, लांब पंखांचे, भांडखोर पक्षी. घरटं बांधायचा त्यांना भारी कंटाळा. वाळूत पोटाने जरा खळगा केला की झालं घर. त्यांची अंडी इतकी खड्यांसारखी दिसतात, की पायाखाली आली तरी कळत नाही. सगळी गोष्ट इथेच अडली, मित्रांनो.

पुढे त्या अरुंद मानेवर पूल झाला. नावेचं काम संपलं. नावाडी त्यानंतर फार दिवस राहिला नाही. मावशीने मला सोडून आणलं, नीट वेटोळं केलं आणि खोपटाच्या दारातल्या खुंटीवर टांगलं. माझं एक टोक सोडून तिने त्यावर कपडे वाळत घातले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळही शाबूत होता, पण त्याला विचारतो कोण? मला फार वाईट वाटायचं. मावशी मात्र रोज संध्याकाळी खडकावर जाऊन बसायची आणि गेलेल्या नवऱ्याला बातम्या सांगायची. तिला कुणी वेडी म्हटलं नाही, कारण बातम्या पक्क्या असायच्या.

पुलामागून रस्ता आला आणि रस्त्यामागून गाड्या. सुट्टीच्या दिवशी गाड्या थेट पाण्यापर्यंत यायच्या. कुणी तळ्यात गाडी धुवायचं, कुणी खडकावर चूल मांडायचं. खळगे काजळीने काळे झाले. वाळूवरून चाकं गेली की सुरय आभाळात उठून आकांत करायचे, आणि गाडीतली मुलं कौतुकाने वर बघायची. ती वाईट माणसं नव्हती. त्यांना खाली काय आहे ते दिसतच नव्हतं.

ती जमीन सरकारी. सगळ्यांची, म्हणून तिच्याकडे कुणीच बघायचं नाही. शेवटी कचेरीला जाग आली. तळं, खडक आणि पक्षी कसे सांभाळायचे याचा आराखडा करायला एक तरुण बाई आल्या. त्यांना लोक आराखडेबाई म्हणू लागले. त्यांनी काठावरच सभा घेतली आणि मोठा नकाशा पसरला. पण लोक नकाशाकडे बघेनात.

"एकदा का कागदावर रेघ आली, की आमचं गवत गेलं," लाल फडकं बांधलेली गवतवाली म्हणाली.

"आणि आमची जाळी वाळवायची जागा," एक मासेवाला पुटपुटला.

आराखडेबाईंनी नकाशा गुंडाळला. "मग कागदावर नको. इथेच आखू या. कुणाकडे मोठा दोर आहे?"

मावशीने खुंटीवरून मला काढलं. मी किती दिवसांनी ताणला गेलो म्हणून सांगू! गवतवाल्यांनी मला पाण्याकडे ओढलं, मासेवाल्यांनी जरा बाजूला सरकवलं, आराखडेबाईंनी पक्ष्यांच्या बाजूने पुन्हा बाहेर घेतलं. ओढाताण झाली, हमरीतुमरी झाली, मग हळूहळू आवाज खाली आले. माझ्या आतली वाळू पक्ष्यांची आणि बाहेरची माणसांची, असं ठरलं. गाड्या मागे रस्त्यापाशीच थांबणार होत्या. फक्त एक गोष्ट उरली होती. वाट्यांचा खडक माझ्या आत पडत होता.

मावशी पुढे झाली. तिने मला उचललं आणि खडकाला वळसा घालून तो बाहेर ठेवला. मग तिथेच उभी राहिली.

आराखडेबाईंना तिच्या संध्याकाळी ठाऊक होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "खडक बाहेर. तिथे चूल नाही, चाक नाही. पण मावशी बसतील." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. पक्षी त्या वेळी खडकापासून पुष्कळ लांब होते.

आराखडा मंजूर झाला. मी पडलो होतो त्याच रेघेवर सिमेंटचे खांब आले आणि तार आली. पाटी लागली, एक पहारेकरी नेमला गेला. मी पुन्हा खुंटीवर. त्या उन्हाळ्यात तारेच्या आत सुरयांची भरपूर पिल्लं उडाली. आराखडेबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. तारेचं कौतुक ऐकून माझा जळफळाट झाला, हे लपवत नाही.

पण मित्रांनो, सुरयांना वाळू लागते ती पाण्याला लागून. पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि पाणी भलतीकडेच हटलं. तारेच्या आतली जागा कोरडी ठणठणीत झाली. तिथे एकही पक्षी उतरेना. पहारेकरी मात्र इमानाने तिथे फेऱ्या मारायचा. रिकाम्या वाड्याला चौकी-पहारा, तशी गत!

एका संध्याकाळी मावशी खडकावरून लगेच परत आली. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला. ती उंबऱ्यावर बसली आणि दारातल्या मला हाताने चाचपत बोलू लागली. मला नव्हे, त्याला.

"ऐकलंस का? पाखरं माझ्या डोक्यावर झेपा घेताहेत. खाली बघते तर अंडी. आपल्या खडकाच्या चारी बाजूंनी. एक तर वाटीच्या शेजारीच." तिने विस्कटलेले केस मागे सारले. "आता हे सांगितलं तर खडक आत जाईल. मग मी बसू कुठे? तुला भेटू कुठे?"

हवेत नुसता सुरयांचा कलकलाट होता.

"नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? माझे पाय जपून पडतात. पण सगळ्यांचेच कुठे पडतात?"

मी मुका. "हं" म्हणणारासुद्धा आता नव्हता. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि शेजाऱ्याच्या फोनवरून आराखडेबाईंना सांगितलं, "बाई, उद्या सुट्टी आहे, माणसं येतील. त्याआधी या. माझ्या खडकाला घेरा घालायचाय."

सकाळीच बाई आल्या. वाकून अंडी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "मावशी, पाणी दर वर्षी हलणार, आणि मी तार सिमेंटात रोवली! तुमच्या खडकाला वळसा घातला तेव्हा मला किती आनंद झाला होता."

"वळसा मीच ओढून घेतला होता. चूक कुणाची किती, ते नंतर वाटून घेऊ, पोरी. दोर धर."

"पण आराखड्यात रेघ तिथे आहे. पाटी तिथे आहे. या दोराला कोण मानेल? लोक ओलांडून जातील."

त्या बोलल्या ते खरंच होतं. काठ्या रोवून मला त्यांना बांधलं, तरी मी गुडघ्याएवढ्याच उंचीवर होतो. मला ओलांडायला पाय उचलावा लागतो, एवढंच.

मावशीने क्षणभर विचार केला आणि ती घरोघर गेली. "तुमच्या वापरातली एक चिंधी द्या. जुनी चालेल, पण तुमची हवी." गवतवालीने लाल फडक्याची पट्टी फाडून दिली. मासेवाल्याने जाळ्याचा तुकडा दिला. पहारेकऱ्याने रुमाल दिला, तोही धुतलेला नव्हे. आराखडेबाईंनी ओढणीची कड फाडली. सगळ्या चिंध्या माझ्या अंगावर बांधल्या. मी बहुरूपी दिसत असणार. पण इतकं मिरवल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

शेवटची गाठ मावशीने मारली. नावाड्याच्या चौकडीच्या सदऱ्याची बाही होती ती. खडक आत राहिला, मावशी बाहेर.

दुपारी माणसं आली. एका माणसाने मला पाहिलं, हसला आणि पाय उचलला.

"दादा, ती चिंधी माझी आहे," गवतवाली म्हणाली.

"कुठली?"

"ती लाल. तिच्या पलीकडे अंडी आहेत. नीट बघा, खड्यांसारखी दिसतात."

त्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उचललेला पाय हळूच मागे घेतला आणि आपल्या मुलांना हाक मारली, "इकडे या. आवाज करू नका."

त्या वर्षानंतर आराखडा बदलला. कचेरीत पुष्कळ खलबतं झाली, पण आराखडेबाई हटल्या नाहीत. तार निघाली. आता त्यात असं आहे, की दर उन्हाळ्यात पाणी कुठे आहे ते पाहून, काठावरच्या सगळ्यांनी मिळून रेघ ठरवायची आणि आपापली चिंधी बांधायची. खळग्यांतली काजळीही जाणकारांनी हलक्या हाताने साफ केली. खडक कधी रेघेच्या आत असतो, कधी बाहेर.

आता मी थकलो आहे. माझे पदर उसवले आहेत. यंदा नवा दोर आला आणि मावशीने माझा चांगला राहिलेला तुकडा त्याला जोडला. त्या तुकड्याच्या जोरावर मी तुमच्याशी बोलतो आहे. मित्रांनो, माझी काळजी करू नका. दोर पुन्हा वळता येतो. वाटीचा खळगा फुटला तर पुन्हा कुटायला ती माणसं येणार नाहीत, आणि चिरडलेल्या अंड्याला पंख फुटणार नाहीत. तेव्हा कुठे असा एखादा दोर आडवा दिसला, तर आधी त्याच्या पलीकडे बघा.

आणि माझ्यात जोर किती, असं कुणी विचारलं, तर चिंध्या बांधल्या त्या पहिल्या दिवसाची संध्याकाळ सांगा. माणसं निघून गेली होती. पहारेकरी जेवायला गेला होता. मावशी एकटीच आली आणि माझ्यापाशी उभी राहिली. खडक समोर होता. तिचे पाय तर जपूनच पडतात. तिने माझ्यावर, त्या चौकडीच्या बाहीवर, हात ठेवला. मग तिथूनच, जरा मोठ्या आवाजात, तिने दिवसभराच्या बातम्या सांगायला सुरुवात केली.