क्लाऊडवर आंब्याची बांधी

माही नातसून दामिनी. लग्न झालं तशी तिची पुण्याची कंपनी म्हणे, इकडे येऊन काम करा. ही म्हणे, आसगावातूनच करतो. शेवटी सायेब म्हणाले, एक काम देतो, संध्याकाळपर्यंत नीट झालं तर राहा गावात.

काम असं. एका बियाणेवाल्याच्या जुन्या सर्व्हरवर आसगावच्या धानाच्या बांध्या, म्हंजे धुरे-बांध घालून पाडलेले शेताचे तुकडे, लिहून होत्या. त्या क्लाऊडवरच्या नव्या गोदामात न्यायच्या. आधी तिथं रिकामी टेबलं, म्हंजे माहितीचे तक्ते, तयार करायची, मग माहिती भरायची.

"म्हंजे आधी धुरे घाला, मंग धानाचा रोवणा करा," मी म्हणलं. "यात शिकासारखं काय हाये वं?"

दामिनी हसली. "आजी, एक बांधी दुसरीपासून ओळखाची कशी, हे टेबलाले आधीच सांगा लागते. नावानं चालन का?"

"न चालाले काय झालं? आंब्याची बांधी गावात एकच. आमची!"

तिनं तसंच टेबल केलं. दुपारी पाहतो तर पोरीचं तोंड उतरलेलं. जुन्यात गंज बांध्या, नव्यात अर्ध्याच. टेबलानं एका नावाची एकच बांधी ठेवली, बाकीच्या गायब. भैयाजीची आंब्याची बांधी गेली, निर्मलाबाईची गेली, आमचीही गेली. राहिली कोणाची? बेबीबाईची! तिच्या आंब्याले तर कैऱ्याही धरत नाहीत.

"आजी, तुमी तर म्हणाल्या एकच हाये!"

"एकच हाये. बाकीच्यायनं आमचं पाहून नाव ठेवलं."

तिनं स्वतःच सायबाले फोन लावला. लपवलं नाही, सगळं सांगितलं. सायेब म्हणाले, "वेळ आहे अजून. मोडा आणि पुन्हा करा."

मी दारात बसलो. बेबीबाई गप्पा माराले आली, तिले उंबऱ्याबाहेरूनच वापस धाडलं. आत दामिनीनं टेबल मोडून नवं केलं. आता बांधीची ओळख नंबरावर, नाव नुसतं बाजूले. ढोरं घरी यायच्या आत जुनं-नवं बरोबर जुळलं. सायबानं हो म्हणलं.

दामिनी माह्या पाया पडाले आली.

"पाया राहू दे. आमची बांधी सगळ्यात वर ठेव."

"आजी, टेबलात वर-खाली नसते. जशी विचारली तशी दिसते."

"मंग इथं बसून रोज आमचीच आधी विचारत जा," म्हणलं, अन् भात मांडाले उठलो.